डाव्या कानानं ऐकलेला अल्बम

"दोन्ही कान लाईसन ऐक, मंग लिख," असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या. मी नुसती हसले.

दुपारची वेळ होती. त्या ताटात मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी ओट्याला टेकून फोनवर एक नवा अल्बम ऐकत होते. इयरफोनचं एक टोक डाव्या कानात, दुसरं गळ्यावर लोंबतंय. उजवा कान मी मोकळा ठेवला होता, कारण आतल्या खोलीत झोळीत भूमिका झोपली होती. पाच महिन्यांची. ती खोकली, कण्हली, नुसता श्वास जरा मोठा घेतला तरी मला कळायला हवं होतं. बाळ झाल्यापासून दोन्ही कान मी एका वेळी कशालाच दिले नव्हते. टीव्हीला नाही, फोनला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

"आई, एका कानानं ऐकलं काय नि दोन कानांनी ऐकलं काय, गाणं तेच असतं," मी म्हटलं.

"तुले जास्त समजस," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

त्या दुपारी मी जे लिहिलं, त्यातल्या एका ओळीमुळे एका माणसानं वाजवणं सोडलं. ते त्यानं परत धरावं म्हणून मला काय करावं लागलं, ते सांगते.

आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो. नवरा, धीरज, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. हंगामात तो घरी फक्त झोपायला येतो. माझं माहेर रनाळ्याचं. कॉलेजात बी.एस्सी. करत असताना मी 'फसलेली कॅसेट' नावाचं एक पेज सुरू केलं होतं. मोठ्या कलाकारांचे पडलेले अल्बम, एवढाच विषय. कुठला तरी विलायती रॉक बँड, ज्याचे पाच अल्बम जगानं डोक्यावर घेतले, तो सहाव्या वेळी गिटारी ठेवून देतो आणि सगळं यंत्रांवर वाजवतो. कुठली तरी पॉप गायिका अठरा गाणी काढते आणि त्यातली सोळा एकाच चालीची वाटतात. मी ते तासन् तास ऐकायची आणि लिहायची. हॉस्टेलच्या मुली म्हणायच्या, "चांगली गाणी ऐक ना बाई, पडलेली कशाला उकरतेस?" पण मला ओढ त्याचीच होती. ज्याला सगळं येतं, त्याचं चुकतं कसं? माझं एक गणित ठरलं होतं: नावाजलेला माणूस दोनच कारणांनी फसतो. एक तर तो तेच तेच करतो, नाहीतर एकदम भलतंच करतो.

आता आमच्याकडे रॉकस्टार म्हणजे बँडवाला. बाहेरच्यांना हे पटत नाही. पण नंदुरबारच्या जन्नत बँडची गाडी एखाद्या गावात शिरली की पोरं शेतातून पळत यायची. अनीस मास्तर त्या गाडीवर उभे राहून बेंजो वाजवायचे आणि गायचेही. आईच्या नावानं त्यांनी बँड काढला होता. रनाळ्यात माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात हाच बँड होता. शाळेपासून पारापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. त्या वरातीला साडेतीन तास लागले. नवरदेवाचा घोडा कंटाळून खाली बसायच्या बेतात होता. मास्तरांचे तीन अल्बम झाले होते आणि तिन्हींतली गाणी लगनसराईत दर गल्लीत वाजायची.

चौथा अल्बम दिवाळीनंतर आला. नाव 'आमने-सामने'. आठ गाणी. मी लावलं, आणि पहिल्याच गाण्यात काहीतरी बिनसलंय असं वाटलं. मास्तरांच्या आवाजात एक ओळ यायची आणि तिच्यानंतर तेवढीच मोकळी जागा. नुसता ढोल, तोही लांबून आल्यासारखा. पुन्हा ओळ, पुन्हा मोकळी जागा. आठही गाण्यांत तेच. 

मी लिहिलं: 'नाचायचं तर सोडाच, ऐकताही येत नाही. अर्धं गाणं गायब आहे. रेकॉर्डिंग करताना मास्तरांचे कान कुठे होते?'

ही शेवटची ओळ लिहून मी स्वतःवर खूश झाले होते, हे कबूल करते. तेवढ्यात भूमिका उठली आणि मी फोन ठेवून पळाले.

माझं पेज वाचणारे फार तर तीनशे लोक. पण त्या ओळीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो शहादा, तळोदा, नवापूर, सगळीकडे फिरला. दुसऱ्या बँडवाल्यांनी तो स्टेटसला ठेवला. एका वरातीत पोरं गाडीखाली उभी राहून ओरडली म्हणे, "मास्तर, कान कोठे शेतस?" 

ही बातमी भूपेंद्र भाऊजींनी आणली. हे धीरजच्या काकांचे चिरंजीव; कुठलंही लग्न सोडत नाहीत. तेव्हा ते हसत होते. महिन्याभरानं आले तेव्हा हसत नव्हते.

"वहिनी, मास्तरनी बेंजो पेटीमा ठेई दिधा. बँडना पोऱ्या दुसरा बँडमा गयात. मास्तर आते जावेदना दुकानमा बठस, गाड्यास्ना सीट शिवस."

मला वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, थोडंच वाटलं. एका अल्बमवर कुणी काही लिहिलं म्हणून वाजवणं सोडायचं का? विलायती बँडांना तर जगभरचे लोक नावं ठेवतात. असं मनाशी म्हणून मी तो विषय मिटवला. शिवाय माझ्यामागे दुसरी काळजी लागली होती.

भूमिका हाकेला वळत नव्हती.

म्हणजे कधी वळायची, कधी नाही. दहा महिन्यांची झाली तसं मी तिच्या मागे उभी राहून हाक मारायला लागले. मग चमचा पाडून बघितला, मग वाटी. फोनमध्ये नोंद ठेवली. मंगळवार सकाळ, वाटी पाडली, वळली. मंगळवार दुपार, हाक मारली, नाही. बुधवार, डावीकडून टाळी, नाही. उजवीकडून टाळी, वळली, पण तेव्हा पंख्यावर चिमणीही आली होती. धीरज म्हणायचा, तू डॉक्टर आहेस का? सासूबाई म्हणायच्या, "दिनभर हाका मारस तू. ती बी कटाळनी व्हई. मी तं कटाळनी."

तेरा महिने झाले तेव्हा मी ठरवलं, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलला दाखवायचं. माझ्या आईला तिथलाच गुण येतो. धीरजला सुट्टी नव्हती, म्हणून भूपेंद्र भाऊजींनी गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी खुळखुळा वाजवला, पण भूमिकेनं सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. नाकातून दोन धारा. त्या म्हणाल्या, "सर्दी भरली आहे. कानही त्यानंच बंद असतील. ही उतरली की आणा, मग नीट तपासू. घाबरू नका."

घाबरू नका असं कुणी म्हटलं की मी जास्तच घाबरते.

परतीला सासूबाई पुढे बसल्या. मी मागे मधोमध, भूमिका मांडीवर. विसरवाडी सोडली आणि भूपेंद्र भाऊजींनी गाणी लावली.

"वहिनी, राग येऊ देऊ नका," ते आरशातून बघत म्हणाले, "पन हाऊ अल्बम माले आवडस. तुम्ही ज्यानी माती करी, तोच. नाचता येत नही, पन गाडी झ्याक चालस."

डावीकडच्या दारातून मास्तरांचा आवाज आला:

*आमना नवरदेव साहेब मोठा,*
*तुमना मांडवमा पापड छोटा!*

आता मोकळी जागा येणार म्हणून मी वाट बघत होते. आणि उजवीकडच्या दारातून पाच-सहा बाया एकदम तुटून पडल्या:

*साहेब तुमना चष्मा लावस,*
*छोटा पापड धा धा खास!*

मी दचकून उजवीकडे बघितलं. जणू त्या बाया खिडकीबाहेरच पळत होत्या.

"भाऊजी, हे कुठून आलं?"

"काय?"

"ह्या बाया!"

"कोठून म्हनजे? पहिलापासून शेतस त्या. तुम्ही ऐका व्हता ना अल्बम?"

सासूबाईंनी तोवर मांडीवर ताल धरला होता. "ओ माय व! हाई तं हळदनं गानं शे! आम्हीन असंच म्हनूत. वरमायना बाया ह्या खांबकडे, नवरीना बाया त्या खांबकडे. मझार नवरदेव. दोन्हीकडथून मार खाये बिचारा!" आणि त्या मोठ्यानं हसल्या.

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी मांडीवर बघत होते. मास्तर गायले की भूमिकेची मान डावीकडे जायची. बाया गायल्या की उजवीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. नाक वाहत होतं, डोळे रडून सुजले होते, आणि ती नवरदेवासारखी दोन खांबांच्या मध्ये बसून दोन्हीकडचं ऐकत होती.  दुसरं गाणं लागलं. तसंच. एकदाही चुकली नाही.

तीन महिन्यांच्या माझ्या वाट्या-चमच्यांनी जे सांगितलं नाही, ते ह्या फसलेल्या अल्बमनं दोन गाण्यांत सांगितलं.

मग मी रडले. भाऊजींनी गाडी कडेला घेतली. मी पर्समधून इयरफोन काढले, माझ्या फोनवर तेच गाणं लावलं. फक्त डावा कान: मास्तर, आणि मोकळी जागा. माझं परीक्षण, जसंच्या तसं. फक्त उजवा: बाया, आणि मोकळी जागा. मग दोन्ही लावले. मांडव भरला.

"मी काय सांगं व्हतं?" सासूबाई म्हणाल्या. त्या ते म्हणणार हे मला माहीतच होतं.

घरी येऊन मी पेजवर लिहिलं, की चूक माझी होती, मी अल्बम एकाच कानानं ऐकला, गाणी पूर्ण आहेत. अकरा लोकांनी ते बघितलं. एकानं खाली लिहिलं, 'आते काय उपेग?' चेष्टेची ओळ चार तालुके फिरते आणि कबुली घराच्या उंबऱ्यातच बसते, हे तेव्हा कळलं. दोन दिवस मी नुसती घरात येरझारा घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "फोनवर कितली माफी मागशी? जाईसन तोंडवर सांग. अल्बमनं नावच ते शे."

मग भूपेंद्र भाऊजींच्या गाडीचं मागचं सीट फाटलंय असं निमित्त काढून आम्ही नंदुरबारला गेलो. सीट खरंच फाटलं होतं. भूमिकेनं त्यातला स्पंज उपसला होता.

जावेदचं दुकान एका बोळाच्या तोंडाशी. बाहेर ट्रॅक्टरच्या सीटा रचलेल्या, आत शिलाई मशीन, मागच्या पडद्याआड घर. जावेद हा अनीस मास्तरांचा मामेभाऊ. तो भाऊजींबरोबर गाडी बघायला बाहेर गेला. मशीनवर एक माणूस वाकून काळं रेक्झिन शिवत होता. गाडीवर उभा असताना तो केवढा उंच वाटायचा! इथे त्याची पाठ मला माझ्या भावाच्या पाठीसारखी वाटली.

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. "मास्तर," मी म्हटलं.

मशीन बंद होतं, ते हातानं दोरा ओवत होते. वळले नाहीत.

"मास्तर." जरा मोठ्यानं.

नाही.

एखादी दुसरी बाई असती तर तिला वाटलं असतं, माणूस रागावलाय. मी तीन महिने रोज हेच करत होते. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. माझे पाय आपोआप चालले. मी मशीनला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि पहिल्यापेक्षाही हळू म्हटलं, "मास्तर."

त्यांनी लगेच मान वर केली. "हां ताई, बोला."

 मी जे लिहिलं होतं, 'मास्तरांचे कान कुठे होते,' ते मला त्या दुकानात पहिल्यांदा खरं ऐकू आलं. मी चेष्टेत दगड मारला होता आणि तो नेमका दुखऱ्या जागी लागला होता.

सासूबाईंनी भूमिकेला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सांगून टाकलं, "मास्तर, हाई मन्ही सून. ते कानस्नं लिखेल शे ना, ते हिनीच लिखेल शे."

मास्तरांनी सुई रेक्झिनमध्ये टोचून ठेवली. मला वाटलं, आता उठतील आणि बाहेर जा म्हणतील. ते म्हणाले, "बसा ना." मग एक स्टूल पुढे सरकवून, "तुम्ही खरंच लिहिलं होतं, ताई. बाकीचे चिडवत होते. तुम्ही ऐकून लिहिलं होतं."

"नाही मास्तर, मी…"

"सांगतो ना. तुमचं वाचलं आणि घरात हेडफोन लावून बसलो, कोणाला कळायला नको म्हणून. बाया गात होत्या. माझा आवाजच नव्हता. ओळ यायची जागा यायची आणि नुसता ढोल. दोन महिने रात्रंदिवस ज्याच्यावर बसलो, त्यात मीच नाही! स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर तर होतो. म्हटलं, मग हे अर्धं काम मी पास कसं केलं? माझ्या कानात मागच्या सीझनपासून शिटी वाजते. डाव्या. भोंगा त्याच बाजूला असतो ना, वीस वर्षं. मी समजलो, आता माझ्या कानाचा भरोसा नाही."

"कुणाला विचारलं नाही?"

"कोणाला विचारू? मास्तरनं बँडच्या पोरांना विचारायचं, का रे, माझा आवाज येतो का? दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला माहीत. बहिऱ्या मास्तरला कोण लग्नात बोलावेल?" ते हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. "परत लावायची हिंमत नाही झाली."

मी एका दमात सांगितलं. बाळ झोळीत होतं, मी एकच कान लावला होता, सासूबाई नको म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही, मी अर्धा अल्बम ऐकून पूर्ण अल्बमवर लिहिलं. 

त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं.

"कोणता कान?"

"डावा."

 त्यांनी बोटानं हवेत काहीतरी मांडल्यासारखं केलं; एक इकडे, एक तिकडे. "डावीकडे मी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "उजवीकडे बाया."

मी पर्समधून इयरफोन काढले. "उलटे लावा," मी म्हटलं. "डाव्या बाजूचं टोक तुमच्या उजव्या कानात."

त्यांनी लावलं. मी गाणं सुरू केलं. पापडाचं.

त्यांचा चेहरा मी शब्दांत धरू शकत नाही. हळदीला उशिरा पोचलेल्या माणसाला आतून स्वतःचंच नाव ऐकू यावं, तसं काहीतरी. त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलायला लागले. "मी शे ना," ते म्हणाले. "मी शे!" मग त्यांनी ते टोक काढलं आणि दुसरं त्याच कानात घातलं. बाया. पुन्हा पहिलं. स्वतः. तीन-चारदा असं केलं. शेवटी स्वतःच्या आवाजाचं टोक त्यांनी डाव्या कानात घातलं आणि थांबले. गाणं चालू होतं, मला फोनवर रेघ पुढे सरकताना दिसत होती. त्यांचे ओठ थांबले होते.

त्यांनी ते हळूच काढून माझ्या हातात दिलं.

"म्हणजे गाणं पूर्ण आहे," ते म्हणाले. "कान अर्धा आहे."

मी इयरफोन गुंडाळायला लागले. सासूबाई म्हणाल्या:

"मंग कानना इलाज कर ना, भाऊ. गानाले काबर शिक्षा?"

पडद्याआडून चहाचा ट्रे घेऊन जन्नतबी आल्या होत्या, मास्तरांच्या आई. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं. त्या तरातरा पुढे आल्या आणि मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मैं सालभर से बोल रही, ये लड़का मेरी आधी बात सुनता नहीं. मेरेकू बोलता, अम्मी, तुम्हारी आवाज बारीक हो गई!" मग माझ्याकडे वळून, "चाय ले बेटा. तूने बिगाड़ा, तूने ही आके बोला. ठीक है." आणि सासूबाईंच्या कडेवरच्या भूमिकेला त्यांनी नानकटाई दिली, ती मी दोनदा बघून घेतली मगच तिच्या तोंडाजवळ जाऊ दिली.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानातलं गेलं ते परत यायचं नाही. शिटी कमी होईल. उजवा कान चांगला आहे, तो तसाच ठेवायचा असेल तर भोंग्यापासून लांब उभं राहायचं आणि वाजवताना कानात बोळे घालायचे. मास्तरांनी हे बँडच्या पोरांना स्वतः सांगितलं, सगळ्यांना बसवून. जी भीती त्यांना वर्षभर खात होती, तिच्यातलं काहीच झालं नाही; पोरं हसली नाहीत. ढोलवाला म्हणाला म्हणे, "मास्तर, माले बी शिटी ऐकू येस." मग दुसरा म्हणाला. सातांपैकी चौघांना येत होती. सातही जण परतले असं नाही. दोघं दुसऱ्या बँडातच राहिले. पण बोळे सगळ्यांनी घेतले.

भूमिकेची सर्दी उतरली, चिंचपाड्याला पुन्हा गेलो, तपासणी झाली. दोन्ही कान स्वच्छ. "मग ती हाकेला का वळत नव्हती?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "सर्दीनं कान भरत असतील. आणि तुम्ही दिवसातून किती वेळा हाक मारता?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. फार मोठी मेहेरबानी केली.

मी 'आमने-सामने'वर दुसऱ्यांदा लिहिलं. भूमिकेला सासूबाईंकडे देऊन, दार लावून, दोन्ही कान लावून. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी अर्धा तास तिचा श्वास ऐकला नाही, आणि काही झालं नाही. मी लिहिलं की हा अल्बम वरातीचा नाही, हळदीचा आहे. मास्तरांनी भलतंच काही केलं नाही, आपल्याच आयांचं गाणं त्यांनी दोन कानांत वाटून दिलं. आणि खरं ते खरं म्हणून हेही लिहिलं, की तिसरं गाणं फार लांबलंय.

संध्याकाळी फोन आला.

"ताई, तिसरं खरंच लांबलंय का?"

"हो मास्तर."

"दोन्ही कानांनी ऐकलं ना?"

"दोन्ही."

"हां. बायाही तेच म्हणत होत्या." आणि ह्या वेळचं हसणं पूर्ण होतं.

वैशाखात रनाळ्याला माझ्या मामेभावाची हळद होती. जन्नत बँडची गाडी आली. भोंगे पुढे, मास्तर मागच्या टोकाला, कानात पिवळे बोळे. गाडीच्या डाव्या अंगाला वरमाय आणि तिच्या बाया, उजव्या अंगाला नवरीकडून आलेल्या. मास्तरांनी पापडाची ओळ टाकली आणि उजवीकडच्या बायांनी ती खाली पडू दिली नाही. सासूबाई वरमायकडून गायल्या, घसा बसेपर्यंत. काही पोरं कंटाळली, त्यांनी जुनं नाचायचं गाणं मागितलं, मास्तरांनी तेही वाजवलं. पण पोरं घामाघूम होऊन बसली तेव्हा त्यांनी पुन्हा बायांकडे हात केला.

मला आता माझ्या गणितात एक तिसरं कारण घालावं लागलंय. नावाजलेल्या माणसाचा अल्बम कधी कधी फसत नाहीच. ऐकणारा अर्ध्यातून उठून गेलेला असतो.

आता एक काम सांगते. तुमच्याकडेही लग्नं निघतील, बँड येईल. भोंग्याच्या अगदी जवळ जो उभा असेल, बेंजोवाला असो की ढोलवाला, त्याचं नाव आधी विचारून ठेवा. वाजवणं थांबलं आणि तो पाणी प्यायला खाली उतरला, की त्याच्या मागे जा. डाव्या बाजूनं हळूच नावानं हाक मारा. मग उजव्या बाजूनं. एकीकडून वळला आणि दुसरीकडून नाही, तर चारचौघांत काही बोलू नका. बाजूला घ्या आणि त्याला एकट्याला सांगा, की कान दाखवून घे. तेवढं बघाल ना?